बारावीतली मुलं, कॉलेजचा खर्च आणि मदतीचे अर्ज: एच-४ वाल्यांनी आणि स्टेटस गेलेल्या घरांनीही वाचा

अंगतपंगत, एडिसन (न्यू जर्सी)

गेली सहा वर्षं ऑक्टोबर लागला की दर शनिवारी मी इथल्या वाचनालयात एका टेबलापाशी बसते. बारावीतली मुलं आईवडिलांना घेऊन येतात, मी शेजारी बसून त्यांच्याकडून आर्थिक मदतीचे अर्ज भरून घेते. स्पॅनिश बोलणारी घरं सगळ्यांत जास्त, मग गुजराती, तेलुगू. मराठी घरं वर्षाला दोन किंवा तीन. गरज नसते म्हणून येत नाहीत असं मला वाटत नाही. "आपल्याला कोण काय देणार आहे" हे घरीच ठरलेलं असतं.

मागच्या शनिवारी एक आले. नवरा एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर, बायको एच-४ (त्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) वर, धाकटी मुलगी बारावीत, तिचा जन्म इथलाच. थोरला मुलगाही इथेच जन्मलेला, दोन वर्षांपूर्वी कॉलेजात गेला. त्याच्या वेळी यांनी फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज, भरलाच नाही, कारण "आमच्याकडे ग्रीन कार्ड नाही". दोन वर्षं सगळी फी खिशातून आणि क्रेडिट कार्डावरून भरली. मी विचारलं, मुलगा नागरिक आहे ना? हो म्हणाले. मग तुमचं ग्रीन कार्ड कुठे आलं मध्ये? दोघं एकमेकांकडे बघत राहिले. त्या माऊलीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दोन वर्षांचं आता काही करता येत नाही, म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट, जी मी शनिवारी वीस वेळा सांगते: केंद्र सरकारच्या मदतीसाठी मुलाचं स्टेटस, म्हणजे इथे राहण्याचा कायदेशीर दर्जा, बघतात, आईवडिलांचं नाही. मूल नागरिक असेल किंवा त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर ते फाफ्सा भरू शकतं. आईवडील एच-१बी वर असोत, स्टेटस गेलेले असोत किंवा भारतात असोत. निर्वासित आणि आश्रय मिळालेली मुलंही यात बसतात.

मुलगा किंवा मुलगी एच-४ वर असेल, डाकावर (लहानपणी आणलेल्या, कागद नसलेल्या मुलांना तात्पुरतं संरक्षण देणारी योजना) असेल किंवा काहीच कागद नसतील, तर केंद्राचा पैसा नाही. पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारे, परत न करायचे पैसे) नाही, केंद्राचं कर्ज नाही, वर्क-स्टडी (शिकताना करायची अनुदानित नोकरी) नाही. पण केंद्राचा दरवाजा बंद म्हणजे सगळे दरवाजे बंद, असं नाही. राज्याचा पैसा वेगळा, कॉलेजचा स्वतःचा पैसा वेगळा आणि खाजगी शिष्यवृत्त्या आणखी वेगळ्या. त्यांचे अर्जही वेगळे असतात.

फाफ्सा भरणाऱ्यांसाठी थोडक्यात. २०२६-२७ च्या अर्जाला २०२४ चं टॅक्स रिटर्न लागतं. अर्जातून एसएआय नावाचा, घराची ऐपत मोजणारा आकडा निघतो, तो उणे १५०० पर्यंत खाली जाऊ शकतो. आकडा जितका लहान तितकी मदत जास्त. पेल ग्रँट २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे. आपल्यातल्या बऱ्याच दोन पगारांच्या घरांना पेल मिळणार नाही, हे खरं. तरीही भरा. पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंतचं केंद्राचं कर्ज मुलाच्या नावावर मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. बरीच कॉलेजं आपली स्वतःची मदतही फाफ्सा बघितल्याशिवाय देत नाहीत. आणि मध्येच वडिलांची नोकरी गेली तर कॉलेजकडे जाताना हातात हा अर्ज असावा लागतो.

एच-१बी, एच-४ जोडप्यांसाठी एक उपयोगी गोष्ट. दोघांनी मिळून एकच टॅक्स रिटर्न भरलं असेल तर अर्जावर दोघांपैकी एकाच पालकाला खातं उघडून सही करावी लागते. ज्याच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर आहे त्याने करावी. आईकडे नंबर नाही म्हणून लोक आठवडे घालवतात. तशी गरज नसते.

आणि नाव! खातं उघडताना सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी नाव ताडून बघतात. आपल्या बायकांच्या कार्डावर कधी पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव जोडून असतं, कधी माहेरचं आडनाव राहिलेलं असतं. त्या दिवशी त्या बाईंनी पर्समधून कार्ड काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, चौकोनी घडी, कडा मऊ झालेल्या. त्यावर जसं आहे अगदी तसंच टाका, शब्दांमधल्या मोकळ्या जागेसकट. शाळेच्या दाखल्यावर काय आहे ते इथे चालत नाही.

प्रश्न विचारा. मला येईल तेवढं सांगेन, बाकीचे जाणकार आहेतच.

---

सह्याद्रीचा पाऊस

फार गरजेचा धागा. मुलगी नागरिक आहे, आम्ही दोघं ग्रीन कार्डवर. कोथरूडला माझ्या नावावर एक फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला. शिवाय वाईजवळ वडिलोपार्जित शेती. हे सगळं इथल्या अर्जात दाखवायचं असतं का? मित्र म्हणाला, भारतातलं कोण बघायला येतंय.

---

अंगतपंगत, एडिसन

दाखवायचं. मित्राचं ऐकू नका. अर्जावर तुमची सही असते, आणि खोटं दाखवल्याचा त्रास तुमच्याबरोबर मुलीलाही होतो. राहतं घर फाफ्सात धरत नाहीत, निवृत्तीची खातीही नाहीत. पण कोथरूडचा फ्लॅट राहतं घर नाही. आजची बाजारातली किंमत, त्यातून त्यावरचं कर्ज वजा, जो आकडा येईल तो. भाड्याचं उत्पन्न तुम्ही इथल्या टॅक्समध्ये दाखवत असालच.

शेतीचं म्हणाल तर सातबारा काढून बघा. त्यावर वडिलांचंच नाव असेल तर ती तुमची नाही. चार भावंडांची नावं लागली असतील तर तुमचा चौथा हिस्सा.

घाबरू मात्र नका. पालकांच्या मालमत्तेचा फार तर साडेपाच-पावणेसहा टक्के भाग वर्षाच्या हिशेबात धरला जातो. मुलीच्या स्वतःच्या नावावर पैसे असतील तर त्यातले वीस टक्के धरतात. म्हणून आजीने नातीच्या नावावर बँकेत टाकलेले पैसे जास्त जड जातात. सीएसएस प्रोफाइल (बऱ्याच खाजगी कॉलेजांचा मदतीचा वेगळा अर्ज) मागणारी कॉलेजं याहून बारकाईने विचारतात, राहत्या घराची किंमतसुद्धा.

---

सायली, फ्रीमाँट

एच-४ बद्दल मी लिहिते, कारण सध्या हेच घरात चालू आहे.

माझी मुलगी तीन वर्षांची असताना आलो. आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, २०१५ ची. एका देशाला वर्षाला सात टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग हलत नाही. ती २१ ची झाली की आमच्या अर्जातून बाहेर पडेल, त्याआधी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागेल. ज्या देशात बालवाडीपासून वाढली तिथे ती परदेशी विद्यार्थिनी. हा प्रश्न सोडवणारं अमेरिकाज चिल्ड्रन अॅक्ट नावाचं विधेयक २०२१ पासून काँग्रेसमध्ये आहे, अजून मंजूर नाही. इम्प्रूव्ह द ड्रीम ही संघटना अशाच मुलांनी उभी केली आहे, तिथे मुलीला खूप आधार मिळाला. "मी एकटीच नाही" हे तिला तिथे कळलं.

आता पैशाचं. डाकात आपली एच-४ ची मुलं बसत नाहीत. डाकासाठी १५ जून २०१२ ला कायदेशीर स्टेटस नसणं ही अट होती. कायद्याने राहिलो म्हणून बाहेर, हे मला अजूनही पचत नाही.

कॅलिफोर्नियात एच-४ वर रेसिडेन्सी सिद्ध करता येते, म्हणजे यूसीत (राज्याच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) बाहेरच्या राज्यातल्या मुलांना वर्षाला जो तीस हजारांहून जास्त अधिभार पडतो तो टळतो. त्याचे कागद आतापासून जमवा: भाडेकरार, वाहन परवाना, राज्याचं टॅक्स रिटर्न, शाळेचे दाखले.

खाजगी कॉलेजांशी आम्ही एक वही करून बोललो. प्रत्येक कॉलेजला ईमेलने तीनच प्रश्न. एक, एच-४ वरच्या मुलीला प्रवेशात तुम्ही देशातली धरता की परदेशी? दोन, मदतीच्या बाबतीत काय धरता? तीन, पुढे तिने एफ-१ घेतला तर दिलेली मदत तशीच राहील का? उत्तरं इतकी वेगवेगळी आली की मी थक्क झाले. एका कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीने एक सांगितलं आणि मदतीच्या खिडकीने दुसरं. म्हणून फोनवर विचारू नका, लेखी घ्या.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅम्हर्स्ट यांसारखी थोडी कॉलेजं प्रवेश देताना कुणाचीच ऐपत बघत नाहीत, परदेशी मुलांचीसुद्धा, आणि पुढे गरज पूर्ण भागवतात. तिथे प्रवेश मिळणं किती अवघड ते सगळ्यांना माहीत आहे. पण यादीत एखादं असावं.

आणखी एक, एच-४ वर मुलांना कमावता येत नाही. कॅम्पसवरची लहानशी नोकरीही नाही. महिन्याचा हातखर्च हिशेबात धरा.

---

गोदाकाठ, ऑस्टिन

टेक्ससचं लिहितो, कारण इंटरनेटवर जुनी माहिती अजून फिरते आहे.

कागद नसलेल्या मुलांना इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) देणारं पहिलं राज्य टेक्सस. २००१ साली, दोन्ही पक्षांच्या मतांनी. चोवीस वर्षं चाललं. जून २०२५ मध्ये केंद्राने राज्यावर दावा लावला, राज्याने विरोध केला नाही आणि त्याच दिवशी कोर्टाने तो कायदा थांबवला. फ्लोरिडाने आपली सवलत विधिमंडळातच रद्द केली, १ जुलै २०२५ पासून. त्यामुळे कुणी २०२३ चा लेख पाठवून "टेक्ससमध्ये होतं की" म्हणालं तर ते आता धरू नका.

माझ्या ओळखीतली एक मुलगी इथे नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. भारतीय नाही, पण माझ्या मुलीची शाळेपासूनची मैत्रीण, आमच्याकडे गणपतीला मोदक वळायला यायची. तिचं बिल एका सत्रात दुपटीहून जास्त झालं. ती आता दोन विषय घेऊन संथपणे पुढे जाते आहे. मी तिच्या बाबांशी बोललो, त्यांना काय सांगावं सुचेना.

कायदेशीर व्हिसावर असणाऱ्यांवर तो आदेश नाही, पण कॉलेजं आता कागद नीट तपासतात. एच-४ वाल्यांनी आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) आणि व्हिसाच्या अॅप्रूव्हल नोटिसच्या प्रती हाताशी ठेवा.

---

खडूफळा, अटलांटा

जॉर्जियात याहून कडक. कागद नसलेल्या मुलांना राज्याच्या वरच्या सरकारी विद्यापीठांत प्रवेशच नाही, बाकी सरकारी कॉलेजांत बाहेरच्या राज्याची फी. म्हणून २०११ मध्ये काही प्राध्यापकांनी इथे फ्रीडम युनिव्हर्सिटी सुरू केली. फुकट वर्ग घेतात, आणि बाहेरच्या कॉलेजांत अर्ज करायला मदतही करतात. पदवी देत नाहीत. पण शिकण्याची सवय तुटत नाही, आणि सोबत मिळते.

---

विश्वास_क

मुद्दा कुणाला आवडणार नाही, तरी मांडतो. आम्ही सगळे कायद्याने आलो, पंधरा वर्षं रांगेत उभे आहोत. ज्यांनी मुदत संपल्यावर थांबायचं ठरवलं त्यांच्या मुलांना करदात्यांच्या पैशातून मदत का? हा प्रश्न विचारायलाही हरकत आहे का?

---

अंगतपंगत, एडिसन

हरकत नाही, आणि तुमची रांग खरी आहे. माझीही होती, अकरा वर्षांची.

पण माझ्या टेबलापाशी जी मुलं बसतात त्यांनी काहीच ठरवलेलं नसतं. सहाव्या वर्षी कुणी हात धरून विमानात बसवलं, ती बसली. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्लायलर खटल्यात हेच म्हटलं, की आईवडिलांच्या कृतीची शिक्षा मुलांना शाळेबाहेर ठेवून देता येणार नाही. त्यामुळे बारावीपर्यंत ती सगळ्यांबरोबर शिकतात. बारावीनंतर एका उन्हाळ्यात तीच मुलं वेगळी कशी होतात, हे मला समजत नाही. बाकी कर ती घरंही भरतात, आयटिन नंबरावर (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा कर क्रमांक). दुकानातला विक्रीकर तर सगळेच भरतो.

तुमच्या मुलांसाठीचा प्रश्न असेल तर तोही विचारा, मी तितक्याच मनापासून सांगेन.

---

टिपणवही, शिकागो

मी एका कॉलेजच्या आर्थिक मदत विभागात काम करते, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूने चार गोष्टी.

प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा करून खर्चाचा अंदाज देणारा) असतो, तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. अर्ज करायच्या आधी अर्धा तास त्यावर घालवा. छापील फी बघून "आपल्याला परवडणार नाही" म्हणून यादीतून खोडलेली खाजगी कॉलेजं कधीकधी सरकारी विद्यापीठाहून स्वस्त पडतात. उलटही होतं.

मार्च-एप्रिलमध्ये मदतीचं पत्र येतं. ते घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसा आणि पेन्सिलीने प्रत्येक ओळीसमोर लिहा: परत करायचे की नाही? ग्रँट आणि शिष्यवृत्ती परत करायची नसते. कर्ज परत करायचं असतं. काही पत्रांत सगळ्याची एकच बेरीज करून "तुमची मदत" म्हणून मोठा आकडा छापतात. त्यातले वीस हजार पालकांच्या नावचं कर्ज असू शकतं. शिवाय १ जुलै २०२६ पासून पालकांच्या नावच्या केंद्राच्या कर्जाला वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजारांची मर्यादा आहे. चार वर्षांचा हिशेब पहिल्याच वर्षी करा.

पत्रातली रक्कम पुरत नसेल तर लिहा. आपल्या लोकांना हे मागणं लाजिरवाणं वाटतं, मला माहीत आहे, माझ्या वडिलांनाही वाटलं असतं. पण फाफ्सात २०२४ चं उत्पन्न असतं आणि नोकरी २०२५ मध्ये गेलेली असते. अर्जाला ते कळत नाही, आम्हाला सांगितलं तर कळतं. नोकरी सुटल्याचं पत्र, आजारपणाची बिलं, भारतात आईवडिलांच्या उपचारांसाठी पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, आणि एक पान सरळ शब्दांत. विशेष परिस्थिती बघून आकडे बदलायचा अधिकार कायद्याने आमच्या विभागाला दिलेला आहे. कसं लिहावं याचा एक नमुना देते, अगदी असाच लागतो असं नाही:

"माझ्या वडिलांची नोकरी मार्चमध्ये गेली. तेव्हापासून घर आईच्या पगारावर चालतं, तो अमुक इतका आहे. २०२४ च्या रिटर्नमध्ये हे दिसत नाही. सोबत कागद जोडले आहेत. तुमचं कॉलेज माझी पहिली पसंती आहे, आणि वर्षाला अमुक इतके डॉलर कमी पडत आहेत."

बस्स. कमी पडणारा आकडा नक्की लिहा. "शक्य तेवढी मदत करा" असं लिहिलेल्या पत्राचं काय करावं ते आम्हालाही समजत नाही.

कागद नसलेल्या मुलांसाठी इलिनॉयमध्ये २०२० पासून राइज कायदा लागू आहे, राज्याचा वेगळा अर्ज भरून मॅप या राज्याच्या ग्रँटसाठी पात्र होता येतं. वॉशिंग्टन राज्यात वॉस्फा नावाचा अर्ज. कॅलिफोर्नियात ड्रीम अॅक्टचा अर्ज, कॅल ग्रँटसाठी त्याची मुख्य मुदत २ मार्च. न्यूयॉर्कमध्ये २०१९ चा पेराल्टा यांच्या नावचा ड्रीम अॅक्ट, त्यातून टॅप ही राज्याची ग्रँट मिळते. मिनेसोटात २०१३ पासून अशीच मदत आहे. प्रत्येक राज्याची अट वेगळी, पण साधारण मागणी एकच: त्या राज्यात काही वर्षं शाळा आणि तिथूनच बारावी पूर्ण.

---

अनामिक आई

आयडी नवीन काढला आहे, समजून घ्या.

आम्ही २०१३ ला आलो. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. यांची कंपनी २०१९ मध्ये बंद झाली, दुसऱ्या कंपनीने केलेला अर्ज नामंजूर झाला. वकिलाला भरपूर पैसे दिले, त्याने मुदतीत उत्तर पाठवलं नाही. मुलगी सहावीत, धाकटा इथला जन्म, तीन वर्षांचा. परत जायचं दोनदा ठरलं. एकदा बॅगाही भरल्या. मग करोना आला, आणि मग राहूनच गेलो.

मंडळात कुणाला माहीत नाही. भोंडल्याला जाते, डबा नेते, हसते, घरी येते. मुलगी शाळेत पहिल्या दहांत आहे. तिला गेल्या वर्षी सांगितलं, मैत्रिणी ड्रायव्हिंगच्या मागे लागल्या तेव्हा. ती म्हणाली, मग मी अभ्यास कशासाठी करते आहे? मला उत्तर देता आलं नाही.

आम्हीही न्यू जर्सीतच आहोत. काउन्सेलर फाफ्सा भर म्हणते आहे. मुलगी रोज विचारते काय सांगू. तुम्ही वर लिहिलं आहे की दरवाजे असतात. आम्हाला नक्की कुठला आहे? आणि अर्ज केला तर आमचा पत्ता कुणाकडे जातो?

---

अंगतपंगत, एडिसन

ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. एकेक घेते.

तिने फाफ्सा भरू नये. त्यातून तिला काही मिळणार नाही. आणि कुठल्याही अर्जावर, कॉलेजच्या असो की नोकरीच्या, "मी नागरिक आहे" या चौकटीत चुकूनही खूण करू नये. नागरिक असल्याचा खोटा दावा पुढे कायमचा आडवा येतो, उद्या एखादा मार्ग निघाला तरी.

डाका तिला लागू नाही. त्यासाठी जून २००७ च्या आधीपासून इथे असावं लागतं, आणि नवीन अर्ज तर मंजूरच होत नाहीत. त्यात वेळ घालवू नका, पैसे तर मुळीच देऊ नका.

तुमचा दरवाजा आपल्या राज्याचा आहे. न्यू जर्सीत २०१३ च्या कायद्याने अशा मुलांना इन-स्टेट फी मिळाली आणि २०१८ पासून राज्याची आर्थिक मदतही. अटी: इथल्या हायस्कुलात किमान तीन वर्षं, इथूनच बारावी पूर्ण, आणि स्टेटस मिळवण्याचा मार्ग निघाला की अर्ज करीन असं प्रतिज्ञापत्र. तुमची मुलगी बसते यात. अर्जाचं नाव न्यू जर्सी ऑल्टर्नेटिव्ह फायनान्शियल एड अॅप्लिकेशन. सोशल सिक्युरिटी नंबर लागत नाही. त्यातून टॅग ग्रँट आणि ईओएफ या राज्याच्या मदतींसाठी विचार होतो. काउंटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) घेतलं आणि घरचं उत्पन्न ६५ हजारांच्या आत असेल तर ट्यूशन फी माफ होऊ शकते. दोन वर्षं तिथे करून मोठ्या विद्यापीठात जाणारी मुलं मी दरवर्षी बघते, हुशार मुलं, हिशेबी मुलं.

खाजगी कॉलेजांसाठी सीएसएस प्रोफाइल. तोही सोशल सिक्युरिटी नंबराशिवाय भरता येतो. टफ्ट्स २०१५ पासून आणि पोमोनासारखी काही कॉलेजं अशा मुलांना देशातलीच विद्यार्थी धरतात आणि स्वतःच्या तिजोरीतून मदत करतात. एच-४ साठी सायलीने जे तीन प्रश्न लिहिलेत तेच "कागद नसलेली विद्यार्थिनी" असं लिहून विचारा, मुलीचं नाव न देता. नवा ईमेल काढा हवं तर. शिष्यवृत्त्यांची यादी इमिग्रंट्स रायझिंग या संस्थेच्या संकेतस्थळावर आहे, ज्यांना स्टेटस लागत नाही अशा वेगळ्या काढलेल्या.

आता भीतीचं. ती उगाच आहे असं मी म्हणणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये कर खात्याने इमिग्रेशनशी माहिती देण्याचा करार केला, तेव्हापासून माझ्या टेबलापाशी लोक कमी येतात. मला एवढंच सांगता येईल: हा अर्ज राज्याच्या संस्थेकडे जातो, केंद्राकडे नाही. कॉलेजात गेल्यावर मुलीच्या नोंदी १९७४ च्या फर्पा कायद्याखाली येतात, कोर्टाच्या आदेशासारखी कारणं सोडली तर तिच्या संमतीशिवाय त्या देता येत नाहीत. पण सही करायच्या आधी इमिग्रेशनच्या चांगल्या वकिलाशी एकदा बोला. विद्यापीठांच्या लॉ स्कूलमध्ये फुकट सल्ला देणारी केंद्रं असतात. जुन्या वकिलाने मुदत चुकवली त्याचं काही करता येतं का, तेही तिथेच विचारा. काय करायचं ते तुम्ही दोघांनी आणि मुलीने मिळून ठरवायचं, काउन्सेलरने किंवा मी नाही.

मुलीला सांगा, शाळेतल्या कुठल्या मोठ्या माणसावर तिचा विश्वास आहे तो एकच निवड. सगळ्यांना सांगायची गरज नाही. शिफारसपत्रं लिहिणाऱ्याला माहीत असलं तर पत्र फार वेगळं उतरतं.

---

विश्वास_क

अनामिक ताई, माझी वरची पोस्ट तुम्ही वाचली असेल. तुम्हाला उद्देशून नव्हती, पण लागली असेल. माझी मुलगी गेल्या वर्षी कॉलेजात गेली, तिची एसएटीची (कॉलेज प्रवेश परीक्षेची) पुस्तकं आणि निबंधाच्या वह्या आहेत. एडिसनच्या वाचनालयात अंगतपंगत यांच्याकडे ठेवून जातो, कुणीही घ्यावीत.

---

सह्याद्रीचा पाऊस

एक राहिलं होतं. आमच्या ओळखीत एकांचं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. मुलगा नागरिक. त्यांना भीती की पेल घेतलं तर पब्लिक चार्ज (सरकारी मदतीवर जगणारे) म्हणून अडवतील.

---

टिपणवही, शिकागो

सध्याच्या नियमात शिक्षणासाठीची मदत त्यात धरत नाहीत. मदतही मुलाची, तो नागरिक. वकिलाला एकदा विचारून निर्धास्तपणे भरू द्या.

---

अनामिक आई

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. लॉ स्कूलच्या केंद्रात जाऊन आलो. तिथल्या बाईंनी आमची फाईल दीड तास वाचली. काय होईल ते माहीत नाही, पण सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी सगळी पानं उलटून बघितली.

राज्याचा अर्ज काल रात्री अकराला गेला. मुलगी टाइप करत होती, हे उत्पन्नाचे आकडे वाचून दाखवत होते. पत्त्याच्या रकान्यापाशी यांचा आवाज थांबला. मुलीनेच विचारलं, बाबा, टाकू? हे म्हणाले, टाक.

धाकट्याचं विचारायचं होतं. तो नागरिक आहे, आता नऊ वर्षांचा. त्याच्या वेळी आम्ही काय करायचं?

---

अंगतपंगत, एडिसन

धाकट्याला हक्क पूर्ण आहे, फाफ्सा त्याचा. तुमची माहिती त्यात जाईल, म्हणून त्या वर्षी परिस्थिती बघून ठरवू. आठ वर्षांत नियम बदलतील. तोवर त्याचा जन्मदाखला, सोशल कार्ड आणि तुमची दरवर्षीची टॅक्स रिटर्न एका फायलीत ठेवत चला.

मुलीच्या अर्जाची पोच छापून ठेवा. राज्य आणखी कागद मागेल, बहुतेक उत्पन्नाचे पुरावे आणि शाळेचा दाखला. मागणी ईमेलने येते आणि मुदत थोडी असते. तिला रोज ईमेल बघायला सांगा, स्पॅमसुद्धा. विश्वास यांनी वह्या आणून दिल्या आहेत, दोन पिशव्या, खिडकीजवळच्या टेबलाखाली आहेत. शनिवारी दहा ते एक मी तिथेच असते.